पोटभाडेकरू पाहिजे

कसबा पेठेला सुरक्षेचा पहिला मोठा धडा मिळाला तो ५ एप्रिल १६६३ च्या रात्री. लाल महालात शाइस्तेखान तळ ठोकून होता. भोवती मुघलांची अफाट छावणी, नाक्यानाक्यावर चौक्या, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस. महाराज आत शिरले ते कुणी म्हणतं लग्नाच्या वरातीच्या आडून, कुणी म्हणतं मुघलांच्याच चाकरीतले दख्खनी शिपाई असल्याची बतावणी करून. महाल त्यांचा लहानपणापासूनचा, कानाकोपरा पाठ. मुदपाकखान्याकडून जनानखान्यात जाणारं एक लहानसं दार विटामातीनं बुजवून टाकलेलं होतं. नेमक्या त्याच विटा निघाल्या. खानाची बोटं गेली, आणि कसब्यानं मनाशी नोंद केली की बुजवलेलं दारसुद्धा शेवटी दारच असतं.

एक खुलासा आत्ताच केलेला बरा. पुढे व्हायरसांबद्दल बरंच बोलायचं आहे. त्यांची तुलना महाराजांशी केलेली नाही, होणारही नाही. तुलना झालीच तर आपली आणि खानाची होईल. आम्हाला याच पेठेत राहायचं आहे.

तर, वरातीच्या आडून शिरायची पद्धत अजून चालू आहे, फक्त वरात आता व्हॉट्सॲपवरून येते. २०२४ च्या लग्नसराईत ठिकठिकाणच्या पोलिसांनी इशारे दिले की लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडण्याआधी तिचं शेपूट पाहा. शेपूट ‘एपीके’चं असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. ते एकदा फोनमध्ये बसलं की तुमचे मेसेज, तुमचे ओटीपी आणि त्यांच्या मागोमाग तुमचे पैसे परगावी जातात. ज्याचं लग्न आहे त्याला आपण ओळखत नसताना पत्रिका उघडायचीच कशाला, असं कोथरूडच्या माणसाला वाटेल. कसब्यात तसं वाटून चालत नाही. इथे प्रत्येक घराला चार पिढ्यांचे नातेवाईक आहेत आणि त्यांचे सहा पिढ्यांचे रुसवे. म्हणून पत्रिका आधी उघडायची, कोण ते मागाहून आठवायचं.

आमच्या काकांचं धोरण याहून व्यापक होतं. आलेला कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. संगणक घरात आला तशी ती शिस्त ई-मेललाही लागू झाली. परदेशातल्या कुठल्याशा दिवंगत सेनापतीच्या विधवेनं आपली संपत्ती सोपवण्याबद्दल लिहिलेलं पत्र त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, त्यातल्या व्याकरणाच्या चुका लाल रंगात दुरुस्त केल्या आणि परत पाठवलं. बाईंचं उत्तर आलं नाही. बहुधा पुण्यातून पैसे मिळणार नाहीत, मार्कच मिळतील, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. पण सोबतच्या जोडपत्रानं आपलं काम चोख केलं. काकांचा संगणक इतका मंदावला की तो सुरू करून काका मंडईत जाऊन येत, आणि आले की तो नुकताच जागा झालेला असे.

इथे वाड्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काकांचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरांच्या आत येतो. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरांत नवं बांधकाम करायचं नाही, असा केंद्र सरकारचा २०१० चा कायदा आहे. त्यामुळे जरा लांबच्या वाड्यांच्या इमारती झाल्या, त्यांना लिफ्ट आल्या, लिफ्टमध्ये सूचना आल्या. आमचा वाडा मात्र आहे तिथेच, दर पावसाळ्यात थोडासा कमी होत उभा आहे. वरच्या मजल्यावर काका-काकू, माडीवर मी, आणि तळमजल्यावर आजोबांच्या वेळेपासूनचा भाडेकरू. भाडंही आजोबांच्या वेळचंच. ते घ्यायला काका खाली उतरले की भाडेकरू त्यांना चहा पाजतो, आणि तो चहा भाड्याहून महाग पडतो. जागा खाली करून मिळावी म्हणून आजोबांनी दावा लावला, काकांनी तो वाढवला आणि यथाकाल तो माझ्या नावे होणार आहे. वडिलोपार्जित इस्टेटीत आपल्याला काय मिळणार, याची मला तरुणपणी उत्सुकता असे. आता नाही.

संगणक दुरुस्तीला आला तो माझा भाचा. हिंजवडीत नोकरी, मेट्रोला कसबा पेठ नावाचं स्टेशन झालं तेव्हापासून त्याचं येणं वाढलेलं. त्यानं संगणक पुसून नव्यानं विंडोज टाकलं आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही फायली उघडायचं थांबवणार नाही हे उघड आहे. तर त्या उघडायला एक वेगळी जागा करून देतो. व्हर्च्युअल मशीन.”

कल्पना मोठी गमतीची आहे. खऱ्या संगणकात एक सॉफ्टवेअर बसवायचं आणि ते आतल्या आत दुसऱ्या संगणकाचं सोंग उभं करतं. सोंगाला स्वतःची हार्ड डिस्क असते, म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल. स्वतःची मेमरी असते, म्हणजे आपल्याच मेमरीतून तोडून दिलेला तुकडा. त्यात स्वतंत्र विंडोज किंवा लिनक्स नांदतं आणि त्याला बिचाऱ्याला वाटतं, आपण कुठल्याशा टेबलावर स्वतंत्र संगणक आहोत. अनोळखी पत्रिका, फुकटची सॉफ्टवेअरं, सेनापतींच्या विधवा, सगळं तिथे उघडायचं. आत आग लागली तर त्या सोंगाची राख होते. बाहेरचे फोटो, हिशेब, मृत्युपत्राचा कच्चा खर्डा सुखरूप राहतो.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे पोटभाडेकरू,” ते म्हणाले.

“तसंच म्हणा.”

“आणि त्यानं जागा सोडली नाही तर?”

“डिलीट करायचा, आजोबा. मिनिटभरात जातो.”

काका खुर्चीत सरळ झाले. “नोटीस?”

“लागत नाही.”

“कोर्ट?”

“नाही.”

“मागच्या दारानं भावाला आणून बसवला तर?”

“भावासकट जातो.”

काकूंनी नंतर सांगितलं की काकांचा आवाज असा भरून आलेला त्यांनी मुलीच्या लग्नानंतर ऐकला नव्हता.

ही युक्ती नवी नाही. १९६० च्या दशकात संगणक एवढा महाग होता की माणशी एक देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आयबीएममधल्या मंडळींनी एकाच यंत्राचे असे भाग पाडून दाखवले की प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावं, अख्खं यंत्र माझंच. १९७२ मध्ये कंपनीनं व्हीएम/३७० या नावानं ही सोय जाहीर केली. एका वास्तूत सतरा माणसांनी राहायचं आणि सतराही जणांनी ती आपल्या एकट्याची समजायची, हे तंत्र कसब्यात त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेलं होतं. आपण त्याला भाऊबंदकी म्हणत होतो, एवढंच. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीनं ते घरच्या साध्या संगणकावर आणलं. भाच्यानं निवडला तो फुकट मिळणारा व्हर्च्युअलबॉक्स. तो काढला जर्मनीतल्या इनोटेकनं, २००८ मध्ये तो सन कंपनीकडे गेला आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. एवढ्या मालकांचे हात लागलेली मिळकत म्हटल्यावर काकांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत २०१९ पासून सँडबॉक्स नावाची एक तयार खोलीच मिळते. ती उघडायची, हवं ते करायचं, बंद केली की आतलं सगळं नाहीसं. काकांकडे होम आवृत्ती होती आणि होममध्ये ती सोय नाही. घरातल्या माणसांना धोका कमी असतो असं मायक्रोसॉफ्टला का वाटलं, कळत नाही. त्यांच्याकडे काका नसावेत.

बसवण्यात एक दुपार गेली. प्रोसेसरमध्ये अशा सोंगासाठी खास सोय असते. इंटेल आणि एएमडी या दोघांनी ती २००५-०६ पासून दिलेली आहे. पण पुष्कळ संगणकांत ती बंद ठेवून पाठवतात, आणि चालू करायला संगणक जागा होता होता एक विशिष्ट कळ दाबून त्याच्या बायोसमध्ये शिरावं लागतं. मग मेमरीची वाटणी आली. एकूण आठ जीबी. भाच्यानं चार पोटभाडेकरूला दिली, चार मालकाला ठेवली. वाटणीनंतर जे होतं ते झालं, दोघंही कुरकुरायला लागले. पंखा असा फिरू लागला की तांबट आळीतून कुणीतरी येऊन आवाजाबद्दल तक्रार करील, अशी भीती वाटली.

काकूंचा आक्षेप तत्त्वाचा होता. “अहो, बाहेरचा एक चालत नव्हता, म्हणून आत दुसरा? आणि तो आतला पाहुणा आहे की कायमचा? मला स्वयंपाकाचा अंदाज हवा.”

स्नॅपशॉट ही यातली सर्वांत गुणाची गोष्ट. आतला संगणक स्वच्छ आणि शहाणा असताना त्याची ती अवस्था जशीच्या तशी जतन करून ठेवायची. पुढे त्यानं काहीही उद्योग करून ठेवले, तरी एक बटण दाबलं की तो पुन्हा त्या क्षणावर येतो. मधल्या भानगडी झाल्याच नाहीत. काकांना याचं एवढं कौतुक का, ते मला उशिरा उमगलं. भाडेकरारात एक कलम असतं, जागा सोडताना ती पूर्वस्थितीत मालकाच्या ताब्यात द्यावी. हे कलम पाळलेलं आमच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. काकांनी एक लांब वही केली. पोटभाडेकरू क्रमांक, प्रवेशाचा दिनांक, निर्गमनाचा दिनांक, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘वर्तन संशयास्पद’, ‘परवानगीवाचून अनोळखी टूलबार ठेवून घेतला’ आणि एकदा नुसतंच ‘चेहरा आवडला नाही’.

जुन्या विंडोज एक्सपीसाठी मात्र त्यांनी कायमची खोली दिली, आणि तिथे ही विद्या खरी कामाला आली. काकांच्या मंडळाचे जुने अहवाल, स्मरणिका, वर्गणीदारांच्या याद्या, सगळं श्रीलिपीत केलेलं. युनिकोड येण्याआधी मराठी टंकलेखनाचं अर्धं जग पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या या श्रीलिपीवर चालत होतं. ती जुनी फाइल नव्या संगणकावर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं यांची भेळ दिसते. श्रीलिपीची जुनी आवृत्ती हवी तर जुनं विंडोज हवं, आणि एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली ओलीस धरणारा खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला, तेव्हा या निवृत्त एक्सपीसाठीही कंपनीला घाईघाईनं ठिगळ काढावं लागलं. असा म्हातारा उघड्यावर इंटरनेटला जोडणं म्हणजे घात. मग त्याला आतल्या खोलीत बसवायचा, त्याची नेटची तार कापायची आणि म्हणायचं, तुम्ही फक्त याद्या वाचा. एक्सपी तिथे सुखात आहे. बाहेर काय चाललंय हे त्याला माहीत नाही, त्यामुळे त्याची मतंही नाहीत. पेठेतला मतं नसलेला एवढा एकच म्हातारा.

काकांच्या वहीची कीर्ती आळीत पसरली आणि महिन्याभरात निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर साखर, गुडघे आणि पेन्शन यांच्या जोडीला चौथा विषय आला. ‘तुमच्यात किती आहेत?’ असा प्रश्न आता मुलांबद्दल नसे. घरोघर पोटभाडेकरू आले, आणि पेठेनं त्यांचं काय केलं ते पाहण्यासारखं होतं.

पहिला प्रकार सोयीस्करांचा. यांनी सोंग उभं केलं आणि लगेच त्यांना अडचण जाणवली की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं. आता ते तसं राहावं म्हणूनच हा खटाटोप होता, पण सोय पाहायला नको? क्लिपबोर्ड दोन्हीकडून उघडा केला. बाहेर कॉपी केलेला पासवर्ड आतल्यालाही वाचता येऊ लागला. मग सामाईक फोल्डर जोडला, आणि वारंवार जोडायला नको म्हणून अख्खी सी ड्राइव्हच सामाईक केली. भिंत शाबूत होती. तिच्यात ये-जा करायला बैलगाडी जाईल एवढं दार पाडलं होतं. खंडणीखोर व्हायरस सामाईक फोल्डरमधल्या फायलींना परकं मानत नाही, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, “तो आपल्याकडे कशाला येईल?”

दुसरा प्रकार नेटवर्कवाल्यांचा. आतल्या संगणकाला इंटरनेट दोन तऱ्हांनी देता येतं. नॅट लावलं तर तो मालकाच्या आडोशानं बाहेर बोलतो. ब्रिज लावला तर तो घरच्या वायफायवर स्वतःचा पत्ता घेऊन बसतो आणि घरातला टीव्ही, प्रिंटर, सुनेचा लॅपटॉप सगळ्यांना थेट हाक मारू शकतो. या गृहस्थांनी ब्रिज लावला, कारण तो पर्याय दिसायला भारदस्त वाटला. नॅटमधूनही आतला कधीकधी घरातल्या यंत्रांपर्यंत पोचतोच, पण निदान तो आपली पाटी दारावर लावत नाही. नुसतं पाहायचं असेल तर तार पूर्ण काढणं उत्तम. पण तार काढली तर बघायचं काय, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

तिसरा प्रकार सर्वांत निष्पाप. यांनी पोटभाडेकरू सुरक्षित असतो एवढंच ऐकलं होतं. म्हणून फुकटचे सिनेमे उतरवायचे तेही तिथे आणि नेटबँकिंग करायचं तेही तिथेच. मुद्दा होता चोर आणि तिजोरी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवण्याचा. यांनी दोघांना एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि निवांत झोपले.

आणि एक होता कडवा. भाच्याचा मित्र, ओंकारेश्वराजवळ राहतो. तो क्यूब्ज वापरतो. पोलंडच्या योआना रुतकोव्स्का यांनी बांधलेली ही कार्यप्रणाली २०१२ मध्ये पूर्ण रूपात आली. तिच्यात माणसाच्या एकेका उद्योगाला वेगळी खोली आणि प्रत्येक खोलीच्या खिडकीला वेगळ्या रंगाची चौकट. लाल म्हणजे बिनभरवशाचं, हिरवं म्हणजे भरवशाचं, अशा तऱ्हेनं. ती स्वतःला ‘बऱ्यापैकी सुरक्षित’ एवढंच म्हणवते. हा विनय पाहिल्यावर ती पुण्यात बनलेली नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. व्यवस्था मात्र खरोखर पक्की. फक्त त्या मुलाला लाइटबिल भरायला अर्धा तास लागतो, कारण वीज ही निळ्यात येते की पिवळ्यात, यावर त्याचा स्वतःशीच वाद चालतो.

कट्ट्यावर एक आक्षेप नेहमी निघे: अँटीव्हायरस असताना हे कशाला? आक्षेपाला स्थानिक अभिमानाची धार होती. क्विक हील पुण्याचं. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले धाकटे बंधू संजय यांनी ते नव्वदच्या दशकात इथेच उभं केलं. उत्तर असं आहे की अँटीव्हायरस दारात बसून चेहरे ओळखतो. ज्यांचे फोटो त्याच्याकडे आहेत आणि ज्यांची चाल संशयास्पद आहे, त्यांना अडवतो. व्हर्च्युअल मशीन गृहीतच धरतं की कधीतरी कुणीतरी आत येणार, आणि तो कुठल्या खोलीत अडकावा एवढंच ठरवतं. दोन्ही लागतात. क्विक हीलनं स्वतःच्या उत्पादनात ब्राउझरसाठी सँडबॉक्स दिला, तो काही उगाच नाही.

पण भिंत कितीही जाड असो, कारागिराच्या हातून विटा रचल्या जातात. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाचं भगदाड जाहीर झालं. आतल्या सोंगाला जी खोटी यंत्रं जोडलेली असतात, त्यांत एक खोटी फ्लॉपी ड्राइव्हही असे. जगातून फ्लॉपी गेली, कपाटातल्या फ्लॉप्यांना बुरशी आली, पण सोंगात तिचं नियंत्रण करणारा कोड तसाच राहिला होता, आणि त्यात २००४ पासून एक चूक होती. तिच्यातून आतला भाडेकरू भिंत फोडून थेट मालकाच्या घरात येऊ शकत होता. व्हर्च्युअलबॉक्सही त्यात सापडला होता. गंमत म्हणजे काही व्यवस्थांमध्ये फ्लॉपी बंद केली तरी तो कोड जागाच राहत होता. शाइस्तेखानाला हे कळलं असतं तर त्याला जरा हलकं वाटलं असतं. ठिगळं लगेच निघाली. म्हणून व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावं लागतं, हे काकांनीही मान्य केलं. वाड्याची डागडुजी त्यांनी इतक्या तत्परतेनं कधी केली नव्हती.

दुसरी अडचण व्हायरसांच्या हुशारीची. काही व्हायरस आत शिरताच आधी इकडेतिकडे पाहतात. डिस्क लहान, मेमरी तुटपुंजी, व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर हजर, माउस हलत नाही, उघडलेल्या फायलींची यादी कोरी. म्हणजे ही खोली राहती नाही, सापळा आहे. मग ते साळसूद बनून बसतात आणि बाहेर नेऊन उघडले की रूप दाखवतात. हे ऐकून काकांनी आतल्या संगणकाला नांदत्या घराची कळा आणली. पडद्यावर कसबा गणपतीचा फोटो, ‘न्यू फोल्डर’ नावाचे असंख्य फोल्डर, ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरंच अंतिम’ अशा फायली. आता कुठलाही व्हायरस तिथे आला तर त्याला पेन्शनराचं घर ओळखू येईल. आत साळसूद राहिलेला बाहेर साळसूद राहीलच असं नाही, हे मात्र भाच्यानं त्यांच्याकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहवून घेतलं.

सोंग उभं करण्याची विद्या चोरांनाही येते, हे पुण्यानं २०१८ मध्ये पाहिलं आहे. कॉसमॉस बँक ही १९०६ पासूनची पुण्याची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ ला चोरांनी तिच्या एटीएम व्यवस्थेत बनावट स्विच उभा केला. एरवी एटीएमनं पैसे देण्यापूर्वी बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारायचं असतं. हा बनावट स्विच मधेच बसून प्रत्येक मागणीला परस्पर ‘हो, द्या’ म्हणत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांवर पैसे निघाले, १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली, आणि एकूण आकडा ९४ कोटींवर पोचला. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. घरगुती व्हर्च्युअल मशीननं हे थांबलं नसतं. पण भिंत असावी लागते ती कुठे, हे त्यातून स्पष्ट होतं: जिथे कुणीतरी मालकाच्या वतीनं होकार देऊ शकतो तिथे.

घरात तो होकार देणारा म्हणजे आपला फोन. संगणकात तुम्ही सोंगाच्या आत सोंग उभं करा, ओटीपी येतो शर्टाच्या खिशात. ‘बँकेतून बोलतोय, खातं आज बंद होईल’ असा फोन आला की भल्याभल्यांच्या भिंती विरघळतात. कट्ट्यावरच्या सोयीस्कराचे पैसे गेले ते असेच. त्याच्या संगणकाला ओरखडाही आला नव्हता. नशीब, त्याच्या मुलीनं तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावला आणि रक्कम मधल्या खात्यात अडकली. तो नंबर पाठ असावा. पहिल्या घटकेत फोन केला तर पैसे वाटेत सापडायची आशा असते, दुसऱ्या दिवशी केला तर नुसती सहानुभूती मिळते.

तसाच फोन काकांनाही आला. “आजोबा, तुमचं केवायसी संपलंय, एक नंबर येईल तो सांगा.” काका म्हणाले, “लेखी पाठवा. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. मिळाल्यावर तीस दिवसांत म्हणणं मांडतो.” पलीकडच्यानं घाई केली. काकांनी त्याला विलंबमाफीचा अर्ज करायला सांगितलं. तिसऱ्या वाक्याला त्यानं फोन ठेवला. दोन पिढ्या दावा लढवलेला माणूस तोंडी काही देत नसतो.

आता परिस्थिती अशी आहे की आळीतल्या बहुतेकांच्या व्हर्च्युअल मशीनचा उपयोग उरलेला नाही. कुणी सामाईक दारं पाडून ठेवली, कुणाला रोज आत-बाहेर करायचा कंटाळा आला, कुणी मेमरी परत घेतली. सुरक्षेसाठी म्हणून केलेली गोष्ट पथ्यासारखी असते. पहिल्या श्रीखंडापर्यंत टिकते. काकांची व्यवस्था तेवढी शाबूत आहे. सामाईक फोल्डर नाही, क्लिपबोर्ड बंद, बँकेचं काम बाहेर वेगळ्या ब्राउझरमध्ये, पत्रिका आणि जोडपत्रं आत, आणि रोज दिवेलागणीला आतला रवाना करून स्नॅपशॉटवरून नवा हजर. सुरक्षेचं त्यांना फारसं काही पडलेलं नाही. त्यांना घालवून देण्यात रस आहे, आणि तो रस संपणारा नाही, कारण तळमजल्यावर दिवा चालू असतो.

परवा भाचा म्हणाला, “आजोबा, रोज पुसायची काही गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरे.”

काकांनी वहीत निर्गमनाचा शेरा लिहून संपवला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “आठवडाभर राहू दिला की हक्क सांगतो.”